दोन नावांची गाडी

दुर्गाबाई आणि तिची थोरली जाऊ इंदूबाई यांचं एकवीस वर्षं बोलणं नव्हतं. इतकी वर्षं अबोला धरून बसायचं म्हणजे शेतीवाडीचं काहीतरी असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. तसलं काही नव्हतं. कारण होतं मांडे.

रिद्धपूरकडची शेती दोघा भावांनी हसत हसत वाटून घेतली होती. मग पोरांच्या शाळेपायी दोघांनी अमरावतीत, शेगाव नाक्याच्या पलीकडे एका ले-आउटमध्ये लागून प्लॉट घेतले आणि एका भिंतीला दोन घरं बांधली. थोरले शेषराव आणि धाकटे खुशालराव मरेपर्यंत एकाच डबीतला तंबाखू खात राहिले. बायकांचं तसं नव्हतं. इंदूबाईच्या हातच्या मांड्याचं अख्ख्या भावकीत नाव होतं. पुरण भरलेला गोळा ती उजव्या हातावर घ्यायची आणि मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत खेळवत असा पसरवायची, की बघणाऱ्या बायका श्वास धरून बसायच्या. मग तो उपड्या खापरावर अलगद जाऊन पडायचा. दुर्गाबाईचा मांडा खापरापर्यंत पोचायच्या आधीच फाटायचा. शिकवा म्हटलं की थोरली म्हणायची, "हे हातालेच असा लागते वं, सांगून येत नाई." धाकटीने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

गाठ सुटली ती दुर्गाबाईच्या रागिणीच्या लग्नात. व्याही परतवाड्याचे, खाण्यापिण्याचे शौकीन. विहिणींच्या पंगतीला मांडे इंदूबाई करणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिने तर खापर धुऊन उन्हात ठेवलं होतं. आणि दुर्गाबाईने अकोटहून मांडे करणारी बाई भाड्याने आणली. इंदूबाई पंगतीला बसली. पानात मांडा पडला तसा तो तिने दोन बोटांनी उचलून बघितला, खाली टाकला आणि सगळ्या विहिणींच्या देखत उठली. "भाड्याचे मांडे मी खात नाई," म्हणाली आणि चालती झाली. लेकीच्या लग्नात भरल्या पानावरून घरची थोरली उठून जाते, म्हणजे काय होतं हे ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको. पुढे दोघींचे नवरे गेले. दोघी एकमेकींच्या दारात जाऊन रडून आल्या, रीत म्हणून. बोलल्या नाहीत.

म्हातारपणाने मात्र दोघींना एकाच वर्षी गाठलं. होळीच्या आदल्या दिवशी दुर्गाबाई मोरीत घसरली, खुबा मोडला, आत रॉड बसला. ज्येष्ठात इंदूबाईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तोंड थोडं वाकडं राहिलं, पाय ओढत राहिला, आणि तो हात, मांड्याचा हात, मुठीसारखा मिटून बसला.

शहरातल्या एका ट्रस्टची 'सोबत' नावाची गाडी होती. लोक तिला सरळ म्हाताऱ्यांची गाडी म्हणत. मागचं दार उघडलं की लोखंडी फळी खाली उतरायची आणि चाकाची खुर्ची तिच्यावरून आत जायची. ड्रायव्हर मोतीराम दारातून हात धरून न्यायचा आणि दारात आणून सोडायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेनऊ. ट्रस्टच्याच व्यायामाच्या सेंटरला दोन तास, की परत. गल्लीत तीन नावं होती: कोपऱ्यावरचे भगवंत गुरुजी, दुर्गाबाई आणि इंदूबाई.

ही गाडी दुर्गाबाईला काय होती, ते तिच्या सुनेच्या तोंडून ऐकलेलं बरं. सून अपेक्षा शाळेत शिकवायची. मुलगा अमोल नोकरीसाठी सातलाच परतवाड्याच्या बसला लागायचा. पावणेदहाला अपेक्षा स्कूटीवर निघायची ती पाचला परत.

"आई, मी सात तास तुमच्यासाठी सुट्टी काढू शकत नाही," ती म्हणायची आणि निघायच्या आधी सासूला डायपर बांधायची. वाईट बाई नव्हती ती, पण बांधताना तोंड दुसरीकडे फिरवायची. दुर्गाबाईने आपल्या हाताने चार बाळंतपणं केलेली, अख्खं घर हाकलेलं. ती छताकडे बघत पडून राहायची आणि मरण मागायची. फक्त गाडीच्या दिवशी डायपर नसे; परतल्यावर अपेक्षा येईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. सेंटरमधली मुलगी तिला वॉकर देऊन संडासापर्यंत चालवत न्यायची. "आजी, अशाच येत राहिल्या तर संक्रांतीपर्यंत घरी एकट्या जाल," असं ती म्हणाली होती. दुर्गाबाईला आयुष्यात आता एवढंच हवं होतं. स्वतःच्या पायांनी संडासला जायचं.

आणि त्या गाडीत रोज समोर इंदूबाई.

खुर्चीची म्हणून ती आधी चढायची. दुर्गाबाई वॉकर धरून उन्हात उभी. आत दोघी गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसायच्या आणि एकमेकींच्या डोक्यावरून बाहेर बघायच्या. मध्ये बिचारे गुरुजी, ते हवापाण्याचं बोलून थकले. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात सेंटरमध्ये इंदूबाईची मूठ उघडली. पाची बोटं उघडली नि तिने स्टीलचा पेला धरून तोंडापर्यंत नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना गाडीत ती मोतीरामला म्हणाली, "मोतीराम, येत्या अखजीच्या सणाले तुले मांडे चारीन. घरचे. लोकं आनतात भाड्याचे, आपलं तसं नाई."

मोतीराम हसला. दुर्गाबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

पुढच्या सोमवारी मोतीराम नेहमीसारखा आधी शेजारच्या फाटकाकडे वळला, तशी वॉकर धरून उभी असलेली दुर्गाबाई सहज म्हणाली, "तिकडे नोको जाऊ. थे गेली परतवाड्याले, लेकीकडे."

"फोन नाई आला त्यायचा?"

"इसरली असन."

आता मोतीरामचं काम होतं दार वाजवायचं. ट्रस्टने तसं शिकवलेलंच होतं. पण सख्खी जाऊ सांगते, एका भिंतीची बाई सांगते, तिच्या शब्दावर दार वाजवून बघायचं म्हणजे तिला खोटं पाडण्यासारखंच. आपल्याकडे असं कोणी करत नाही. मोतीरामनेही केलं नाही. बुधवारी तेच. शुक्रवारी तेच. न कळवता तीन वेळा गैरहजर, की नाव कापलं, असा नियम होता. चौथ्या वेळी मोतीरामच्या मोबाइलमध्ये इंदूबाईचं नाव उमटलंच नाही.

इंदूबाईचा मुलगा शिवम अकोल्याला नोकरीला, पहाटेच्या गाडीने जाणारा. त्याने फोन केला तर ऑफिसने सांगितलं, तुमची जागा दुसऱ्या वस्तीतल्या बाईला दिली, आता पुन्हा यादीत थांबा. घरी व्यायाम द्यायला येणारा मुलगा दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. दुर्गाबाईला हे सगळं भिंतीपलीकडून कळत होतं. तिला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही वाटलं. ऐसपैस बसून ती दोन महिने सेंटरला जात राहिली, आणि त्या दोन महिन्यांत तिचा पाय खरंच सुधारला.

दसरा झाला आणि भगवंत गुरुजींना त्यांच्या मुलाने कायमचं अकोटला नेलं. दिवाळीनंतर ऑफिसातल्या मैथिलीचा फोन आला. गोड आवाजाची, पुस्तकातलं बोलणारी मुलगी.

"आजी, तुमच्या गल्लीत आता एकच नाव राहिलंय. आपला नियम असा आहे, की एका गल्लीत कमीत कमी दोन नावं असली तरच गाडी आत येते. येत्या सोमवारपासून तुम्ही नाक्यावर येऊन थांबा हं."

"नाक्यावर कशी येऊ वं माय? मले चालता आलं असतं तं तुया गाडीत कायले बसली असती?"

"ऑटोने या ना आजी."

ऑटोत तो रॉडचा पाय दुमडत नव्हता. दुर्गाबाईने ते सांगितलं, मग विनवलं, मग दोन शिव्याही दिल्या. मैथिलीचा आवाज तसाच गोड राहिला. "आणखी एक नाव मिळवा ना. गुरुजींची जागा रिकामीच आहे. गल्लीतल्या कुणी स्वतः फोन करून मला यायचंय म्हटलं, की लगेच चढवते. यादीत थांबायला नको."

गल्लीत दुसरं म्हातारं माणूस एकच होतं.

संध्याकाळी अपेक्षाने सगळं ऐकून घेतलं. "मग जा की काकूंकडे."

"मी? तिच्या दारात?"

"नका जाऊ," अपेक्षा म्हणाली आणि बाजाराच्या पिशवीतून डायपरचं नवं पाकीट काढून कपाटावर ठेवलं. मोठं पाकीट होतं, महिनाभराचं. त्याच्याकडे बघत दुर्गाबाई रात्रभर जागी राहिली.

बुधवारी सेंटरहून परतल्यावर, घरात कोणी नाही बघून, तिने वॉकर धरला आणि निघाली. आपलं फाटक, रस्ता, शेजारचं फाटक, दोन पायऱ्या. चाळीस पावलं. अर्धा तास लागला. ऑपरेशन झाल्यापासून ती एकटी इतकी कधी चालली नव्हती, पण शाबास म्हणायला तिथे कोण होतं?

दार नुसतं लोटलेलं होतं. इंदूबाई दाराच्या आतच, चाकाच्या खुर्चीत बसलेली. मांडीवर उजवा हात, मुठीत रुमालाची गुंडाळी कोंबलेली.

"बाई," दुर्गाबाई म्हणाली.

इंदूबाईने वरही पाहिलं नाही. "कोन मेलं?"

"कोनी नाई मेलं."

"मग काहून आली?" वाकड्या तोंडातून शब्द जड निघत होते, पण धार होती ती तीच.

दुर्गाबाईने सांगितलं. गाडी, सोमवार, नाका, दोन नावं. "तुमी निस्ता फोन करा. लगेच नाव चढते म्हने."

"उतरवलं कोनं होतं?"

"आफिसवाल्यायनं."

"आफिसवाल्यायनं!" इंदूबाई अर्ध्या तोंडाने हसली. "मी या दाराआड बसली होती, दुर्गे. ह्याच खुर्चीत. लुगडं नेसून, केस इचरून. तू त्याले म्हनलं, थे परतवाड्याले गेली लेकीकडे. मले लेक कधी झाली वं? परतवाड्याले तं तुई रागिनी हाये. खोटं बोलाले बी तुले माया घरचं काही भेटलं नाई."

 दुर्गाबाईने वॉकर घट्ट धरला. "आयकू आलं होतं तं आवाज काहून नाई देला?"

"तुले आवाज देऊ? एकवीस वर्सं नाई देला, अन् गाडीत बसासाठी देऊ? पयल्या दिवशी वाटलं, हिचं काई चुकलं असन. दुसऱ्या दिवशी समजलं. तिसऱ्या दिवशी म्हनलं, पाहू दे, किती खालपर्यंत उतरते."

याला काय म्हणायचं? दुसऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून स्वतःचं नाक कापणारी माणसं असतात, इथे तर एका भिंतीला अशी दोन होती. एक खोटं बोलून बसली आणि दुसरी ते खोटं गिळून बसली.

"चुकलं माझं," दुर्गाबाई म्हणाली. हे दोन शब्द तिने आजवर नवऱ्यालाही दिले नव्हते. "पाया पडू काय तुमच्या? वाकता येत नाई, नाईतं पडली असती. बाई, सून मले लंगोट बांधते. लेकरासारखा. चालली तरी मोरीत एकटीले बसता-उठता येत नाई अजून. मले फक्त मोरीपर्यंत जाता येऊ द्या."

इंदूबाई बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिली. पायांकडे, वॉकरकडे, पुन्हा पायांकडे.

"चांगली चालाले लागली," ती म्हणाली. "फोन करीन मी. शुक्रवारी गाडी येऊ दे. माया दारात, मोतीरामच्या तोंडावर सांगजो, काय केलं थे. सगळं. मंग पाहू."

दुर्गाबाई हो म्हणाली. त्या घडीला तिला कोणी गाढवावर बसून फीर म्हटलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

इंदूबाईने शब्दाप्रमाणे फोन केला. शुक्रवारी सकाळी मोतीराम खूश होऊन आला. "दोन्ही नावं आले पाहा!" म्हणत त्याने मोबाइल दाखवला. गाडीत मागे दुसऱ्या वस्तीतली तीन माणसं बसली होती. इंदूबाईला जमुनाने, तिच्या कामवाल्या बाईने, तयार करून फाटकात आणून बसवलं होतं. कोरं लुगडं, केस विंचरलेले. अपेक्षाही स्कूटी काढता काढता थांबली होती.

दुर्गाबाई वॉकरवर उभी राहिली आणि तिने सांगितलं.  परतवाडा खोटं होतं. लेक खोटी होती. तिन्ही दिवस बाई घरातच होती आणि मला माहीत होतं.

मोतीरामने डोक्याला हात लावला. "अवं माय! मी तं घरचीच बाई सांगून राहिली म्हून... माया हातून काय करवलं तुमी?" मागच्या खिडकीतून तीन डोकी बाहेर आली होती. अपेक्षा सासूकडे अशी बघत होती, जणू तिची खरी ओळख आजच झाली.

"झालं सांगून?" इंदूबाई म्हणाली.

"झालं."

मोतीरामने फळी खाली सोडली आणि खुर्चीच्या मुठी धरल्या. इंदूबाईने डाव्या हाताने चाक अडवलं.

"थांब." तिने उजव्या मुठीतली रुमालाची गुंडाळी ओढून काढली. आतली कातडी पांढरी पडलेली, नखांनी तळव्यात खड्डे केलेले. डाव्या हाताने ती एक बोट उघडू लागली. ते तसूभर उघडलं आणि सुटताच परत मिटलं. "गेल्या आठवड्यात डाक्टर पाहून गेला. म्हने, पयल्या सहा महिन्यात जे खुलते थे खुलते. तुमचं खुलून राहिलं होतं, मधात व्यायाम बंद काहून पाडला? आता हे असंच राहीन म्हने."

 दुर्गाबाई त्या मुठीकडे बघत होती. हाच हात तिने जन्मभर मत्सराने बघितला होता, आणि आपण नेमका हाच मारला हे आता तिला कळलं. तरी तिची नजर फळीकडे गेली. फळी खाली होती. गाडी उभी होती.

"बाई, तरी चला," ती म्हणाली. "पायाचा तं व्यायाम होईन."

"कोनाच्या पायाचा?" इंदूबाईने विचारलं. "माया हात जाऊ देला तू, अन् मी तुया पायासाठी रोज त्या डब्यात बसू? तुले मोरीपर्यंत पोचवाले?" ती मोतीरामकडे वळली. "माझं नाव काट, बाबा. मले नाई याचं."

"बाई, असं नोका करू," मोतीराम म्हणाला. "एक नाव राहिलं तं सोमवारपासून गाडी आत आनता येत नाई मले. मोबाइलवर सगळं दिसते आफिसवाल्यायले. रस्ता सोडला की फोन येते."

"माहीत हाये मले. म्हून तं सांगून राहिली."

"मग फोन कायले केला होता?" दुर्गाबाई ओरडली. "मले चार लोकात उभं कराले?"

"हो," इंदूबाई म्हणाली. "विहिनीयच्या पंगतीत मी उभी राहिली होती ना एकटी. अन् भरल्या पानावरून उठाची मले सवय हाये." तिने जमुनाला खूण केली. जमुनाने खुर्ची वळवली, पायऱ्यांवरून मागे ओढत आत नेली आणि दार लावलं. या वेळी आतून कडी वाजली.

मोतीरामने फळी वर घेतली. "चला दुर्गामाय," तो म्हणाला, तिच्या तोंडाकडे न बघता. "आजचं तरी नाव हाये तुमचं."

ती गेली. जिथे खुर्ची अडकवतात त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसली. सेंटरमधल्या मुलीने त्या दिवशी तिला वॉकर न देता, नुसतं बोट धरून, बारा पावलं चालवलं आणि म्हणाली, "बघा आजी, आता थोडंच राहिलं."

सोमवारी साडेनऊला नाक्यावर गाडीचा हॉर्न वाजला. एकदा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. भिंतीपलीकडे खुर्चीची चाकं जराशी कुरकुरली, म्हणजे तिकडेही ऐकू गेला होता. मग गाडी गेल्याचा आवाज आला. अपेक्षाने कपाटावरचं पाकीट काढून फोडलं. आज तिने तोंड फिरवलं नाही. सरळ सासूच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "कंबर उचला."

दुर्गाबाईने उचलली. आता तिला ती चांगली उचलता येत होती.